काल्पोईच्या दुकानातला अॅडॅप्टर

दुपारी एकला गावच्या मुखियांसमोर जमिनीची बैठक होती आणि साडेदहा वाजून गेले तरी डिस्क फिरायचं नाव घेत नव्हती.

लेइमाराने जुन्या कॉम्प्युटरचं पोट स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. खाऱ्या हवेने त्याचा मुख्य बोर्ड केव्हाच खाल्ला होता. आतल्या हार्ड डिस्कवर तिच्या बाबांचं चित्रण होतं. मरणाच्या आदल्या वर्षी त्यांनी जमिनीची हद्द पायी चालून दाखवली होती. शाळेत आलेल्या एका परदेशी स्वयंसेवकाने ते टिपून कॉम्प्युटरवर ठेवलं आणि तो निघून गेला. त्याला इथल्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं. लेइमारा त्या वर्षी मालाकुला बेटावर शिकवत होती. नंतर ते पाहायचं कुणाला सुचलंच नाही.

आता किनाऱ्यावर खोल्या बांधायला एकजण जमीन भाड्याने मागत होता. किनारा आमचा, असं तिचा धाकटा भाऊ काल्ताक म्हणत होता. आमचा, असं चुलतभाऊ काल्पोई. दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

राजधानी पोर्ट विलातल्या दुरुस्तीवाल्याने तीस हजार वातू मागितले. निवृत्त मास्तरणीने ते आणायचे कुठून? तिने पंधराशेची केबल आणली. एक टोक डिस्कला, दुसरं लॅपटॉपला. पण स्वस्तातली म्हणून तिच्याबरोबर अॅडॅप्टर नव्हता, आणि कॉम्प्युटरची ही मोठी डिस्क लॅपटॉपच्या विजेवर फिरत नाही. तिला वेगळे बारा व्होल्ट लागतात.

काल्ताक धावत आला. "चर्चमधल्या विजेवरच्या बाजाचा अॅडॅप्टर आणलाय. बारा व्होल्ट. बघ, पिन पण बसते!"

"थांब!" तिने त्याचा हात धरला. अॅडॅप्टर उलटा करून ती चष्म्यातून त्यावरचं बारीक चित्र बघत राहिली. "याच्या पिनेत मधोमध उणे आहे. आपल्याला अधिक हवं. लावली असतीस तर बाबा जळले असते."

"एवढ्याशा चित्रावरून?"

"एवढ्याशा चित्रावरूनच."

मग शाळेच्या इंटरनेटच्या डबीचा अॅडॅप्टर आणून झाला. चित्र बरोबर होतं, पण जोर अर्ध्या अँपिअरचा. डिस्क जागी झाली, कण्हली, आणि टक... टक... करू लागली. लेइमाराने झटकन पिन ओढली. असं आणखी दोनदा झालं असतं तर सगळं संपलं असतं.

"दोन अँपिअरचा पाहिजे. गावात एकच आहे," ती म्हणाली. "काल्पोईच्या दुकानातल्या कॅमेऱ्याला."

"त्याच्या दारात जायचं? डिस्कवर दगड घालेल तो!"

"मग बैठकीत तू शपथा खा." तिने डिस्क टॉवेलात गुंडाळली.

काल्पोई तांदूळ मोजत होता. तिचं म्हणणं त्याने मान वर न करता ऐकलं.

"घेऊन जायचा नाही," तो म्हणाला. "इथे लाव. काय निघेल ते माझ्या डोळ्यांसमोर निघू दे."

"आणि तुझ्याविरुद्ध निघालं तर?" काल्ताक गुरगुरला.

"तुझ्याविरुद्ध निघालं तर काय करशील, ते ठरवून ठेव."

तो कॅमेऱ्याची पिन काढून तिच्या हातात देतो न देतो तोच दारात गिऱ्हाईक आलं आणि तो गल्ल्याकडे वळला.

लेइमाराने तेच बारीक चित्र पुन्हा तपासलं. पिन खोचली. क्षणभर काहीच नाही. मग डिस्क गुणगुणू लागली, एकसारखी. लॅपटॉपवर चौकट उघडली: ही डिस्क वापरण्याआधी पुसायची का?

"हो म्हण, पटकन!" काल्ताक कुजबुजला.

"गाढवा, हो म्हटलं की सगळं गेलं!" तिने नकार दाबला. चौकट गेली. खाली डिस्कचा दुसरा भाग दिसला; त्यात बाबांच्या नावाची फाइल होती. आधी तिने ती लॅपटॉपवर उतरवायला लावली. टक्के मुंगीच्या पावलांनी चढत गेले. साठला अडले. केबल हलू नये म्हणून तिने ती धरून ठेवली. एकसष्ट.

फाइल उतरली तेव्हा साडेबारा झाले होते. आवाज बारीक ठेवून तिने ती सुरू केली. वडाजवळ उभे राहून बाबा सांगत होते: "वरची बाग आमची. वडापासून समुद्रापर्यंत माझ्या भावाचं. नारळ मी लावलेत, पण त्याला विचारून लावलेत. माझ्यामागे ते त्याच्या पोरांचे."

काल्ताकचा चेहरा काळवंडला. काल्पोईची पाठ अजून त्यांच्याकडेच होती; गल्ल्यावर गिऱ्हाइकं थांबली नव्हती.

"पुसून टाक," काल्ताक तिच्या कानात म्हणाला. "म्हणायचं, डिस्क मेलेली निघाली. ताई, माझी चार पोरं आहेत गं."

लेइमाराचा हात कीबोर्डवर होता. त्याची पोरं तिनेच वाढवली होती, त्यांची भूक तिला ठाऊक होती. पण पडद्यावर बाबा अजून बोलत होते आणि त्यांचं बोलणं मध्येच तोडायची सवय तिला कधी नव्हती.

"काल्पोई," तिने हाक मारली. "ये. मोठे बाबा बोलतायत."

काल्ताक ताडकन उठून निघून गेला.

काल्पोई आला, वाकून बघत राहिला. बाबा आता वडापासून समुद्राकडे हद्द चालून दाखवत होते. मग बाबांच्या मागून कोयता घेतलेला एक माणूस चौकटीत शिरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. तो काल्पोईचा वारलेला बाप होता. त्याचा एकही फोटो घरात नव्हता.

"मागे घे," काल्पोई म्हणाला. "एकदाच."

बैठकीत मुखियांनी चित्रण दोनदा पाहिलं आणि किनारा काल्पोईच्या घराला दिला. काल्पोईने उठून सांगितलं, वडापासून खालचे नारळ काल्ताकने गरज असेल तोवर उतरवावेत. काल्ताक मान खाली घालून ऐकत होता. त्या आठवड्यात तो बहिणीच्या घरी फिरकला नाही. रविवारी चर्चच्या दारात मात्र तिची पिशवी त्याने न बोलता उचलली.