राहीची कढई

दिघीच्या धक्क्यावर उतरायचं आणि राहीची भजी न खाता पुढं जायचं, असं करणारा माणूस एक तर आजारी असायचा, नाहीतर चिक्कू. सत्तावन्न सालची गोष्ट. आगरदांड्याहून लाँच निघाली की खाडीच्या मध्यावरच वास यायचा आणि भले भले शेटसुद्धा बूड उचलून उभे राहायचे. सदा तर त्या भज्यांवरच वाढलेला. राही त्याची वयनी, चुलतभाऊ हिरामणची बायको. पण आज लाँचमध्ये बसलेल्या सदाला तो वास नकोसा झाला होता.

आठ दिवसांपूर्वी तो आणि हिरामण एकाच होडीतून मासेमारीला गेले होते. वादळात होडी फुटली. दोघं एका फळीला धरून राहिले, किती वेळ कोण जाणे. मग हिरामणचा हात सदाच्या हातातून सुटला तो सुटलाच. सदाला एका गलबतानं उचललं, मुंबईला नेऊन सोडलं, तिथं चार दिवस तो तापानं फणफणत पडला होता. आता एकटाच परतत होता.

लाँचचा म्हातारा तांडेल बाबाजी त्याला जिवंत बघून चरकला, मग त्याच्या शेजारी येऊन बसला. "राहीनं कढई उतरवली न्हाय," तो हळूच म्हणाला. "होडी परत आली न्हाय, गाव सांगून थकला. ती म्हनते, मी कढई उतरवली म्हंजे मीच त्याला मारला."

घरात मयत झालं की दहा दिवस तळण करायचं नाही, भावकीतल्या कुणी तळलेलं तोंडात घालायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून गावातली माणसं धक्क्यावर यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि काहीतरी निमित्त काढून भजी न खाताच जायची. सुतकातल्या घरचं खायचं कसं, आणि नको म्हणून तिचं मन तरी मोडायचं कसं? खायचे ते परगावचे.

हिरामणचं विचारायला बाबाजीनं तोंड उघडलं आणि मिटलं. "मला नको सांगू," तो म्हणाला. "काय ते पयलं तिला सांग."

सदानं मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं, बोलायचंच नाही. तिनं बशी पुढं केली की बाजूला सारायची. काय समजायचं ते ती समजेल. बघा आता, मरणाची खबर हा गडी बशीकडून वदवणार होता.

राहीनं त्याला पाहिलं आणि तिच्या हातातला झारा तसाच राहिला. तिनं काही विचारलं नाही. त्याला बाकड्यावर बसवलं, बशीत सहासात कांदाभजी घातली, वर एक तळलेली मिरची ठेवली आणि बशी पुढं सरकवली. अख्ख्या धक्क्याच्या माना वळल्या. भावकीतला माणूस खातो की नाही, एवढंच सगळ्यांना बघायचं होतं, आणि तिलाही.

सदानं बशी सारायला हात पुढं केला. तेवढ्यात त्याची नजर तिच्या तोंडाकडे गेली. आठ दिवसांत बाई निम्मी झाली होती. त्याचं अवसान गळालं. हातानं बशी सारली नाही, भजं उचललं आणि तोंडात घातलं.

आणि मेलं लागलंही चांगलं. गरम, कुरकुरीत, दाताखाली ओवा येणारं. आठ दिवस पेजेवर काढलेल्या पोटाला कसली आली लाज? त्यानं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. त्याला स्वतःची किळस येत होती आणि हात थांबत नव्हता.

"खाल्लं रं, खाल्लं," बाबाजी म्हणाला, आणि धक्क्याचा जीव भांड्यात पडला. आठ दिवस तोंड चुकवणारी माणसं कढईभोवती गोळा झाली. कुणाला मिरची जास्त हवी होती, कुणाला करपलेला चुरा. हसत, फुंकर घालत, तोंड पोळून घेत सगळे खाऊ लागले. मागं कांदा चिरत बसलेली ठमाबाई, हिरामणची आई, विळी सोडून आली. तिनं सदाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

राहीचं तोंड तर थांबेचना. "दवाखान्यात हाय ना? पाय मोडला आसंल. मी सांगतच व्हते गावाला." तिनं बटाट्याची भजी पानात बांधली आणि पुडी सदाच्या मांडीवर ठेवली. "त्याला कांदा सोसत न्हाय. उद्याच्या लाँचनं घिऊन जा."

पुडीचा चटका मांडीला बसत होता. त्यानं ती उचलून बाकड्यावर ठेवली.

"वयनी," तो म्हणाला, "दादा न्हाय. माझ्या हातातनं सुटला. जाताना मी बघितला त्याला."

लोकांचे घास तोंडाशी थांबले. कुणीतरी पाठमोरं होऊन तोंडातला घास थुंकला. ठमाबाई उभी होती तिथंच खाली बसली. राही सदाच्या रिकाम्या बशीकडे बघत राहिली. बशीत मिरचीचं देठ तेवढं उरलं होतं.

"मंग तू खाल्लीस कशी रं, सदा?" तिनं विचारलं.