माझा केसभर वाकडेपणा

मी एक टेप ड्राइव्ह बोलतोय. खिडकी नसलेल्या खोलीत, लोखंडी रॅकच्या तळाशी बसलोय. माझ्या पोटात एक टेप अडकली आहे आणि त्या टेपवर एक बाई आहे. ती आता जिवंत नाही.

हे रेडिओ केंद्र. इथून जे जे बोललं जाई, त्याची प्रत मी टेपवर उतरवून ठेवायचो. ती बाई इथली निवेदिका. माझ्या खोलीत कधी फिरकली नाही, पण तिचा शब्दन्‌शब्द माझ्या हाताखालून गेलाय.

एकदा कोणीतरी घाईघाईत रॅकमधली दोन जड यंत्रं एकदमच पुढे ओढली. अख्खा रॅक तोंडावर आपटला! सगळ्यांनी मिळून तो उभा केला, हात झटकले. "चालतंय ना? मग झालं तर!"

चालत होतं खरंच. फक्त माझं हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, केसभर तिरकं झालं होतं. तिरकं लिहायचं, तिरकंच वाचायचं. माझं मला बरोबर कळायचं. एखादी टेप दुसऱ्या यंत्रात घालून बघायची तसदी कोण घेतो? पडद्यावर 'प्रत तयार' असं आलं की माणसं निघाली चहाला.

मग ती बाई गेली. संगणकाच्या डिस्कवरचं जुनं सगळं जागेसाठी केव्हाच पुसलं होतं. उरल्या होत्या फक्त माझ्या टेपा. तिची मुलगी आली.

"काका, आईचा आवाज हवाय हो. घरी नुसते फोटोच आहेत."

काका म्हणजे इथले तंत्रज्ञ. त्यांचा माझ्यावर फार जीव. "थांब हं, एवढी मोलाची टेप आहे, आधी याला नीट करतो," म्हणत त्यांनी मला उघडलं, पुसलं आणि माझं हेड अगदी सरळ करून ठेवलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पण ऐकतो कोण!

टेप फिरू लागली. भिंतीपलीकडून कोणी बोलावं तशी ती मला जाणवत होती. शब्द मात्र एकही लागेना. पडद्यावर आलं, 'वाचता येत नाही.'

काका म्हणाले, "रॅक पडला तेव्हाच हा वाकडा झाला असणार गं. आणि मी शहाण्याने सरळ करून ठेवला!"

मुलगी खाली वाकून मला न्याहाळू लागली. मग म्हणाली, "मग परत वाकडा करा ना, काका."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत दोघं रोज येतात. स्क्रू किंचित फिरवायचा, टेप लावायची, वाट बघायची. काल अचानक स्पीकरमधून ती आली. कार्यक्रम नव्हताच तो. तिने घसा खाकरला आणि सुरुवातीआधी नेहमी विचारायची तेवढंच विचारलं, "ऐकू येतंय का?"

"हो गं आई," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात टेप माझ्या रुळाभोवती गुंडाळली. काकांनी झटकन मला बंद केलं.

आता वीज नाही, पंखा नाही, तरी तो प्रश्न माझ्या आत फिरतोच आहे. मला भीती वाटते. पुढचं बोलायला ती तशीच थांबली आहे.

उद्या मला उघडतील. काका, टेप तुटली तर जोडता येईल. पण तेवढा तो स्क्रू हलवू नका. मी आत्ता बरोब्बर तेवढाच वाकडा आहे.