एक रात्र कमी

आमच्या ह्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा विमानाने फिरायला नेलं, ते दोन वेगळ्या विमानांतून. हे सकाळच्या विमानाने गेले, मी दुपारच्या. पॉइंटवर मिळणारी जागा प्रत्येक विमानात एकच शिल्लक होती, आणि पॉइंट असताना पैसे मोजून तिकीट काढणं म्हणजे पॉइंटचा अपमान, असं ह्यांचं म्हणणं पडलं.

ह्यांचं काम दवाखान्यांतली कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करण्याचं. एकेक यंत्र आमच्या न्हाणीघराएवढं. दवाखाने गावोगावचे, त्यामुळे महिन्यातले बरेचसे दिवस हे बाहेर. विमानवाले प्रत्येक फेरीला पॉइंट द्यायचे, हॉटेलवाले प्रत्येक रात्रीला. "साठू दे, एकदा आपण दोघं जाऊ," असं हे म्हणत राहिले आणि मी "जाऊ की" म्हणत राहिले. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न करून परदेशी गेली, तरी पॉइंट आपले साठतच होते. आता वर्षाच्या शेवटच्या दिवशी हे निवृत्त होणार होते आणि पॉइंटही त्याच दिवशी बाद होणार होते. दोघांची मुदत एकदमच संपत होती.

मला पॉइंटांचं काही वाटत नव्हतं. मला धास्ती होती ती ह्यांची. पहिल्या तारखेपासून हा माणूस कायमचा घरी येणार होता.

मी पडदे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि घरातल्या एकुलत्या एका हातवाल्या खुर्चीवर अस्तराची भेंडोळी. कपाटातला ह्यांचा कप्पा कधी पडद्यांच्या कड्यांनी भरून गेला ते माझं मलाही कळलं नाही. हे यायचे, दोन दिवस पाहुण्यासारखे बसायचे, पलंगाच्या कडेवर चहा प्यायचे, बॅग भरायचे आणि जायचे. घर माझ्या हाताला बसलेलं. धाकट्या बहिणीला मी फोनवर म्हणालेसुद्धा, "अगं, हे कायमचे आले की ह्यांना ठेवू कुठे? मी तर वेडी होईन." आम्ही दोघी खूप हसलो. हे तेव्हा आत मोजे शोधत होते.

तर गाव. आम्ही गेलो त्या गावात बघण्यासारखं काही नाही. एक मोठा दवाखाना आहे, एक पूल आहे आणि पुलावरून दवाखाना दिसतो. पॉइंटवर जागा मिळाल्या कारण तिथे हौसेने कुणी जातच नाही. हे मात्र खुशीत होते. हे त्या गावाला गेली कित्येक वर्षं जात होते.

विमानतळावर हे मला घ्यायला आले ते हातात माझ्या नावाची पाटी घेऊन. म्हटलं, "अहो, मी ओळखते तुम्हाला." तर म्हणाले, "हॉटेलवाल्यांनी दिली. सोनेरी कार्डवाल्यांच्या पाहुण्यांना अशीच आणायची पद्धत आहे."

हे सोनेरी कार्ड म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. वर्षभरात ठरलेल्या रात्री त्या हॉटेलांत काढल्या, तर पुढच्या अख्ख्या वर्षासाठी ते मिळतं. त्यावर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त मिळतात, सकाळी उशिरा निघता येतं, आणि मुख्य म्हणजे हॉटेल कितीही भरलेलं असो, सोनेरी कार्डवाल्याला खोली नाही असं म्हणता येत नाही. हे मला टॅक्सीत दोनदा सांगून झालं.

"आणि आपल्या खोल्या तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर आहेत," हे म्हणाले.

"आपल्या काय?"

"खोल्या. दोन." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यंदा चार रात्री कमी पडतायत. आपण राहणार दोन दिवस. दोन खोल्या घेतल्या की चार होतात."

मी कपाळाला हात लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा फिरायला निघालो आणि नवरा तिसऱ्या मजल्यावर, बायको पाचव्या. मी म्हटलं, "मी वर जाऊन पलंग विस्कटून खाली येते. कुणाला कळतंय?"

"अगं, ती फसवणूक होईल," हे म्हणाले. "रात्र धरायची तर माणूस तिथे झोपलेला पाहिजे."

काउंटरवरच्या बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. ह्यांना बघून त्यांचा चेहरा खुलला. "नेहमीची खोली ठेवलीय साहेब. पातळ उशी ठेवलीय, खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवलीय."

घरी ह्यांना मी जाड उशी देते. स्वतः कापूस भरून, स्वतः अभ्रा शिवून. लिफ्टमध्ये मी विचारलं, "पातळ उशी लागते हे कधी बोलला नाहीत?"

"तू भरली होतीस ना," हे म्हणाले आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

माझी खोली चांगली होती. पडदे मात्र दळभद्री. अस्तर आखूड, खालची दुमड कशीतरी उरकलेली. ते बघून जरा बरं वाटलं. आठ वाजता फोन वाजला.

हे बाहेरगावी असले की रोज आठला ह्यांचा फोन येतो. मी मशीन चालू ठेवूनच बोलते. हे विचारतात, जेवलीस का. मी म्हणते, हो. हे विचारतात, काय चाललंय. मी म्हणते, काही नाही. मग हे म्हणतात, बरं, ठेवतो. असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं.

"जेवलीस का?" हे म्हणाले.

"अहो, आत्ता खाली आपण एका टेबलावर बसून जेवलो."

"हां." मग पुढचं वाक्य आलंच. "काय चाललंय?"

"काही नाही."

"बरं, ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला स्थळदर्शन घडवलं. आधी पूल झाला, मग दवाखान्याचं तळघर. तिथे ह्यांची आठ यंत्रं ओळीने उभी होती, चादरी आत गरगर फिरत होत्या आणि कानठळ्या बसवणारा आवाज. हे एकेका यंत्राच्या दारावर तळवा ठेवून उभे राहत होते, आणि तिथली माणसं काम टाकून ह्यांच्याभोवती जमली होती. "साहेब, आता तुम्ही येणार नाही म्हणे?" एकाने विचारलं. "नाही," हे म्हणाले, "आता घरी." हे सांगताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

हे तिथे हसत होते. हात हलवून, आवाज चढवून बोलत होते, कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेची चौकशी करत होते. इतकं बोलणारा माणूस माझ्या घरी कधी आलाच नव्हता. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला, आणि तो कुणाचा ते कळेना. धुलाईयंत्रांचा हेवा वाटणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

परत येताना पुलावर मी विचारलं, "आता कुठे जायचं नाही, यायचं नाही. मग ते कार्ड कशाला हवंय पुढच्या वर्षाचं?"

"असू दे," हे म्हणाले. "असलेलं बरं."

मला वाटलं, चिकटपणा. पॉइंटांची खोड जडली की माणूस असाच होतो. मी विषय सोडला.

संध्याकाळी माझ्या फोनची बॅटरी संपत आली आणि चार्जर ह्यांच्या बॅगेत राहिला होता. आठला पाच-दहा मिनिटं कमी असतील, मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरले. ह्यांच्या खोलीचं दार एका बुटाच्या आधाराने थोडं उघडं होतं. बंद खोलीत ह्यांना गुदमरतं, हेही मला तेव्हाच कळलं.

हे आरशापुढे उभे होते. ओले हात केसांवरून फिरवत होते, राहिलेत तेवढ्या केसांवरून. मग खिशातला कंगवा काढला आणि जपून भांग पाडला. मग शर्टाचं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि पुन्हा एकदा आरशात बघितलं. माणूस संध्याकाळी एवढा नटतो तो कुणासाठी? दरवेळी येतात ह्या गावाला, पातळ उशी काय, खुर्ची काय. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

हे खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, अगदी ताठ, फोटो काढायला बसतात तसे. चष्मा लावला. फोन हातात घेतला, नंबर लावला आणि कानाला धरला.

माझ्या हातातला फोन वाजला.

मी चार पावलं मागे सरकले आणि उचलला.

"जेवलीस का?" हे म्हणाले. आज आम्ही जेवलो नव्हतो, पण ह्यांचं वाक्य ठरलेलं.

"केस कशाला विंचरलेत?" मी विचारलं.

हे हळूच म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"दाराबाहेर उभी आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. ह्यांनी फोनही ठेवला नाही. मी पुन्हा दाराशी आले, फटीतून ह्यांची पाठ दिसत होती. "मी रोजच विंचरतो," पाठ म्हणाली. "दिवसभर तळघरात असतो, अवतार झालेला असतो. तसंच कसं बोलायचं तुझ्याशी?"

इतक्या वर्षांच्या इतक्या संध्याकाळी हा माणूस कुठल्या कुठल्या गावात भांग पाडून, बटण लावून बसत होता, आणि इकडे मी एका हाताने कापड सरकवत "काही नाही" म्हणत होते. माझी मलाच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

"ते कार्ड कशाला हवंय ते खरं सांगा," मी जरा ओरडूनच विचारलं.

समोरासमोर विचारलं असतं तर हे बोललेच नसते. फोनवर बोलायची ह्यांना सवय आहे.

"तू बहिणीला सांगत होतीस ते ऐकलं मी," हे म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही गं. जागा नाहीच आहे घरात. पडदे तरी कुठे ठेवशील तू? म्हटलं, तुला माझा वैताग आला की चार दिवस इकडे येऊन राहावं. हे हॉटेलवाले ओळखतात मला. आणि कार्ड असलं की खोली नाही म्हणत नाहीत."

माझे डोळे भरून आले. मी फोन बंद केला, जिना चढून पाचव्या मजल्यावर गेले, दोन साड्या आणि टॉवेल बॅगेत कोंबले आणि लिफ्टने थेट काउंटरवर गेले. चावी ठेवली.

"खोली सोडतेय," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "आत्ता? मॅडम, आजच्या रात्रीचे पॉइंट परत नाही मिळणार. आणि झोपल्याशिवाय रात्रही धरली जाणार नाही. साहेबांचं कार्ड..."

"माहीत आहे."

"एकच रात्र राहिलीय हो मॅडम. नुसतं झोपायचं तर आहे."

"झोपणारच आहे," मी म्हटलं. "तिसऱ्या मजल्यावर."

हे अजून त्याच खुर्चीत होते, फोन मांडीवर. मी बॅग पलंगावर आपटली. ह्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मनातल्या मनात हिशोब केलेला मला दिसला.

"मग एक रात्र कमी पडेल," हे म्हणाले.

"पडू दे."

"कार्ड जाईल."

"जाऊ दे. घर आहे ना तुमचं. तिथे कोण नाही म्हणतंय?"

ह्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिले. मग आम्ही खाली जाऊन जेवलो. रात्री मी जाड उशी मागवली, माझ्यासाठी.

परतीची विमानं वेगळीच होती. ती बदलायची तर पैसे पडत होते आणि इतकं काही माझं मन मोठं नाही. पण माझं विमान आधीचं होतं, ते एक बरं झालं. हे घरी पोचेपर्यंत मी एक जाड उशी उसवून निम्मा कापूस काढून टाकला होता, कड्यांचा कप्पा रिकामा केला होता आणि खुर्चीवरची अस्तराची भेंडोळी पलंगाखाली लोटली होती. पलंगाखालचं सामान कुठे गेलं ते मी सांगणार नाही.

पहिल्या तारखेला हे दिवसभर घरात होते. सकाळी आमचं धुलाईयंत्र ह्यांनी उघडून ठेवलं, दुपारी माझी कात्री हरवली, संध्याकाळी ह्यांच्या पायात माझा मापाचा टेप अडकला. मी तीनदा ओरडले. बहिणीचा फोन आला तेव्हा तिला म्हटलंसुद्धा, वेड लागायची वेळ आलीय. हे खुर्चीत बसून ऐकत होते आणि चक्क हसत होते.

संध्याकाळी मी मशीनवर बसले होते. एका दवाखान्याचे पडदे द्यायचे होते. हे उठून आत गेले. नळाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा भांग पाडलेला होता, वरचं बटण लावलेलं होतं. हे येऊन खुर्चीत ताठ बसले. मी घड्याळाकडे बघितलं नाही, त्याची गरज नव्हती.

"काय चाललंय?" ह्यांनी विचारलं.

मी मशीन बंद केलं, खुर्चीकडे वळले आणि सांगायला लागले.