मांडीवरची म्हातारी

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकराच्या उन्हात, अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या कम्युनिटी गार्डनमध्ये चाळीसेक माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि डॉक्टर वसुधाताईंच्या मांडीवर म्हातारी आणून ठेवली.

म्हातारी म्हणजे रायच्या कणसांची पेंढी. राय हे गव्हाचंच एक काटक, सावळं भावंड. शेतातली शेवटची मूठ कापली की तिची पेंढी बांधायची, तिला म्हातारी म्हणायचं आणि जमलेल्यांत जी सगळ्यात वयस्क बाई असेल तिच्या मांडीवर ठेवायची, अशी ही चाल. शेजारच्या ब्रिजेटच्या आयर्लंडकडच्या पूर्वजांची, चर्च यायच्याही आधीची. त्यानंतर नव्या धान्याचा पहिला पाव येतो आणि त्याचा पहिला घास गर्भार बाई खाते. तिने खाल्ल्याशिवाय बाकी कुणी पावाला हात लावायचा नाही. गावातल्या मराठी मंडळींनी या प्रकाराला बरीच नाकं मुरडली होती. "आपल्या भोंडल्याला यायला टाइम नसतो, आणि हे पेगन-बिगन बरं जमतं," असं कांचनकाकू फोनवर म्हणाल्याच होत्या. वसुधाताईंना मात्र यात परकं काही वाटलं नव्हतं. मांडीवर धान्य घातलं की झाली ओटी; ती घालणारी गोरी आहे की काळी, याच्याशी धान्याला काय करायचंय?

या वर्षीची गर्भार बाई म्हणजे त्यांची लेक इला. सातवा महिना संपत आला होता. याआधी दोनदा तिसऱ्यातच सगळं संपलं होतं आणि दोन्ही वेळा वसुधाताई नाशिकला, आपल्या दवाखान्यात, दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं करत बसल्या होत्या. इलाच्या दारात गरम जेवणाचा डबा घेऊन उभी राहिली ती ब्रिजेट. तेव्हा ब्रिजेटने पहिला घास खायला बोलावलं तर इला नाही म्हणणार नव्हती, आणि तिने म्हणूही नये.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. वसुधाताईंना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच अंधार नव्हता, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि समोरचं माणूस दुधाच्या काचेतून पाहावं तसं दिसायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षं बायकांच्या पोटांवर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाय कुठे हे सांगितलेली बाई. तिला घरातल्या घरात वेळ मारून न्यायला डोळे कशाला लागतात? बाळंतपण होऊ दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. खरं कारण वेगळं होतं. दिसत नाही असं कळलं तर इला बाळ आपल्या हातात देणार नाही, या धास्तीने त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

आणि याच बाईने पंधरा दिवसांपूर्वी ब्रिजेटला म्हटलं होतं, "धान्य मी साफ करते." झालं असं, की ब्रिजेटला इलाच्या भिंतीवर शोभेला टांगलेलं सूप दिसलं आणि हे काय म्हणून तिने विचारलं. वसुधाताईंनी ते खाली काढून पाखडून दाखवलं. ब्रिजेट तर आ वासून बघत राहिली. मग याच गार्डनमधली दोन बादल्या राय घरी आली. वसुधाताईंनी ती झोकात पाखडली, ताटात पसरून निवडली, आणि निवडली म्हणजे काय, तर बोटांना जे खडे लागले ते काढले. बाकीचं दिसलं असं स्वतःलाच सांगितलं.

आता मांडीवरच्या त्या पेंढीवरून त्यांची बोटं सवयीने फिरत होती. कणसाच्या कुसळांमधून, दाण्यांच्या ओळीवरून. आणि एका जागी थबकली.

दाण्यांच्या ओळीतून काहीतरी बाहेर आलं होतं. लांब, टणक, किंचित बाकदार. कोंबड्याच्या पायाच्या नखीसारखं. त्याच कणसात आणखी एक. शेजारच्या कणसात दोन.

वसुधाताईंनी एक उपटून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं. त्या कोपऱ्यातून अजून थोडं स्वच्छ दिसायचं. काळं, जांभळट. नखाने मोडलं तर आत राखाडी पांढरं. 

अरगट, कणसात दाण्याच्या जागी वाढणारी विषारी बुरशी. बाजरीवर पडतो तो त्यांनी लहानपणी सिन्नरला पाहिला होता. पेरणीआधी आई बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायची आणि वर तरंगलेले काळे दाणे चुलीत घालायची. रायवरचा हा त्याचा थोरला, जास्त विषारी भाऊ त्यांनी फक्त मेडिकल कॉलेजच्या काचेच्या बरणीत पाहिला होता. पण त्याच्यातून निघालेलं औषध त्यांनी आयुष्यभर वापरलं होतं. मेथर्जिन. बाळंतिणीचं रक्त थांबेना की ती सुई द्यायची, गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि रक्त थांबतं. ही सुई कधी द्यायची हे नवीन नर्सला शिकवताना त्या बोटांवर मोजून सांगायच्या: बाळ बाहेर आल्यावर. आधी कधीही नाही. आधी दिली तर पोट बाळालाच आवळतं.

समोर ब्रिजेट पाव घेऊन निघाली होती. वसुधाताईंना तिचा निळा झगा दिसत होता आणि त्यापुढचा पिवळा ठिपका म्हणजे इला. कुणीतरी बासरी वाजवत होतं. पावाचा वास इथपर्यंत आला, खमंग, आंबूस.

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं.

हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं. ओरडलं म्हणजे सगळे विचारणार, धान्य कुणी निवडलं? मग सांगावं लागणार, मी निवडलं, मला दिसत नाही. कदाचित सगळे काळे दाणे पाखडतानाच उडाले असतील. हे हलके असतात, उडतात. कदाचित पिठात काहीच नसेल. एक श्वास गेला, दुसरा गेला. तिसऱ्या श्वासाला इलाने घास घेतला आणि टाळ्या वाजल्या.

"थुंक!" वसुधाताई किंचाळल्या. "इला, थुंक ते! गिळू नकोस!"

त्या उठल्या, मांडीवरची म्हातारी पायात आली आणि त्या गुडघ्यांवर पडल्या. बासरी थांबली. मराठी बाकी कुणालाच कळत नव्हतं, पण किंकाळीला भाषा लागत नाही. जावई यश धावत आला.

"आई, काय झालं? तुम्हाला लागलं का?"

"पाव कुणालाही खाऊ देऊ नकोस. आधी ते कर. सगळ्यांना सांग, विष आहे त्यात!"

यशचा चेहरा कसा झाला ते त्यांना दिसलं नाही, पण त्याने इंग्रजीत ओरडून सांगितलं आणि लोकांचा गलका झाला. इला जवळ आली. तिच्या तोंडाला पावाचा वास होता.

"आई, मी एकच घास खाल्ला. गिळला गं. काय आहे त्यात?"

 तीन श्वास. त्या तीन श्वासांत तो घास ब्रिजेटच्या हातातून इलाच्या पोटात गेला होता. वसुधाताईंनी मुठीतला काळा दाणा पुढे केला आणि मग, चाळीस माणसांसमोर, आयुष्यभर पेशंटशी बोलल्या तसं स्वच्छ, पण इंग्रजीत, सगळं सांगितलं. हे काय आहे, पोटुशीला काय करतं. आणि शेवटी, "हे धान्य मी निवडलं. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही. मी सगळ्यांपासून लपवलं."

ब्रिजेट म्हणाली, "पण आपण तर एकही केमिकल वापरलं नाही." तिचा आवाज रडवेला होता. जणू निसर्गाने कधी कुणाचं वाकडं केलंच नाही! वसुधाताईंना एरवी तिला चार शब्द सुनवावेसे वाटले असते. आत्ता त्यांचे हात इलाला चाचपडत होते.

इलाने त्यांचा दंड धरला आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुला दिसत नाही ते. तू दोनदा माझ्या चहात मीठ घातलंस. आणि धान्य मी परत निवडलं. तू दुपारी झोपलीस की गॅरेजमध्ये बसून. काळं काळं बरंच निघालं, अर्धी वाटी तरी. मला वाटलं उंदराच्या लेंड्या असतील. मी टाकून दिलं, तुला बोलले नाही."

वसुधाताईंना रडू यावं की हायसं वाटावं, हे त्यांचं त्यांनाच कळेना. पण अर्धी वाटी! अर्धी वाटी निघालं म्हणजे मुळात किती होतं, आणि त्यातलं किती राहिलं? भीती कमी व्हायच्या ऐवजी तिला आता माप मिळालं.

"दळायचं उरलेलं धान्य कुठे आहे?"

"शेडमध्ये. थोडंसं आहे."

"यश, तू गाडी काढ. ब्रिजेट, मला एक पातेलं पाणी आणि मीठ दे. भरपूर मीठ."

टेबलावर पातेलं आलं. वसुधाताईंनी मुठीमुठीने मीठ ढवळलं आणि उरलेली राय त्यात ओतली. चांगला दाणा तळाशी बसतो आणि अरगट वर येतो, इतकं साधं. सगळे भोवती वाकले. पण वसुधाताईंनी कुणालाही काय दिसतंय ते विचारलं नाही. आज त्यांचा स्वतःच्या बोटांखेरीज कशावर विश्वास नव्हता. त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावर बोटं ठेवली आणि अलगद फिरवली.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत कोंडा, एक पोचट दाणा, पुन्हा कोंडा. इलाचा श्वास त्यांच्या मानेवर येत होता. मग करंगळीला काहीतरी टेकलं. लांब, बाकदार. आणखी एक. आणि कडेला तिसरा.

"तीन," त्या म्हणाल्या.

तीन म्हणजे बरं की वाईट? त्या उरलेल्या थोड्याशा धान्यात तीन. त्या घासात कदाचित एकाचा कणही नसेल. कदाचित असेल. कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं आणि हे डॉक्टर वसुधाताईंइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. म्हणून सगळ्यांत जास्त पाचावर धारण त्यांचीच बसली होती.

हॉस्पिटलमध्ये इलाच्या पोटाला दोन पट्टे बांधले. एक बाळाच्या ठोक्यांचा, एक कळांचा. डॉक्टर म्हणाली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ, कळा येतात का बघू. यश फॉर्म भरायला गेला. मशीनमधून ठोके ऐकू येत होते, पळत्या घोड्यासारखे भराभर. वसुधाताईंनी पट्ट्यांच्या मधल्या जागेत तळवा ठेवला आणि बसून राहिल्या.

साडेबाराच्या सुमारास तळव्याखाली पोट दगडासारखं झालं.

 वसुधाताई मनात आकडे मोजत होत्या. पंचविसाला पोट सैल पडलं. अशी एखादी कळ सातव्यात येते, तिला काही अर्थ नसतो, हे त्यांनी हजार बायकांना सांगितलं असेल. स्वतःला सांगायला गेल्या तर पटेना. आता दुसरी दहा मिनिटांत आली तर. वीस मिनिटांत आली तर.

"का नाही सांगितलंस गं?" इलाने विचारलं. "ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं. तूच सगळ्यांना सांगतेस."

"तू बाळ माझ्या हातात दिलं नसतंस."

इलाने नजर छताकडे वळवली. "नसतंच दिलं," ती म्हणाली.

ते लागलं. लागायचंच होतं. पण तिने आईचा हात पोटावरून बाजूला केला नाही, उलट त्यावर आपला हात ठेवला. वसुधाताई तळव्याने ऐकत राहिल्या. दीड वाजला, तीन वाजले. एकदा बाळाने टाच मारली तर तीही कळ समजून त्या आकडे मोजायला लागल्या. चारनंतर इलाचा डोळा लागला. यश गाडीतून फोनचा चार्जर आणायला खाली गेला.

सहाला नर्स आली, मशीनची लांब पट्टी घेऊन गेली आणि थोड्या वेळाने एक कागद घेऊन परत आली. "डॉक्टरांचा रिपोर्ट," असं म्हणून तिने तो वसुधाताईंच्या हातात दिला. "तुम्ही आई ना? तुम्हीही डॉक्टर आहात असं त्या म्हणाल्या. बघा."

वसुधाताईंनी कागद धरला. पांढरा होता, त्यावर राखाडी ओळी होत्या. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी नेला तरी त्या ओळीच राहिल्या.  गेला महिनाभर त्या अशा वेळी मान हलवून "ठीक आहे" म्हणत आल्या होत्या. औषधाच्या बाटल्यांना, बँकेच्या पत्रांना, इलाने दाखवलेल्या सोनोग्राफीच्या फोटोलासुद्धा.

"मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसत नाही मला. तुम्ही वाचून दाखवता का?"

नर्सने कागद परत घेतला आणि हळूहळू वाचला. सहा तास निरीक्षण. नियमित कळा नाहीत. गर्भाशयाचं तोंड बंद. बाळाचे ठोके उत्तम. घरी जाण्यास हरकत नाही.

वसुधाताईंनी तिला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.