केळीच्या घडाचा सीटबेल्ट

मित्रांनो, मी एक जुना सीटबेल्ट आहे, आणि माझ्या आयुष्यातला पहिला प्रवासी म्हणजे केळीचा एक घड. हसू नका. तो घड अगदी शांत बसला होता आणि माझ्याबद्दल त्याने एकदाही कुरकुर केली नाही. माणसं मला नंतर भेटली.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे धागे विणून माझी पट्टी केली. मग यंत्रात अडकवून मला असं काही ताणलं, की दुसरा कोणी असता तर रडलाच असता. मी ते सोसलं. ‘हा माणसाचा जीव राखेल’ म्हणून मला एका पांढऱ्या गाडीत चालकाच्या शेजारच्या सीटला बसवलं आणि मी मोठ्या ऐटीत जळगावला आलो.

गाडी घेतली होती मेहरूणच्या हाशमभाऊंनी. त्यांचा केळीचा व्यापार. पट्ट्यावर त्यांचा राग नव्हता; फक्त तो माणसांसाठी असतो हे त्यांना पटत नव्हतं. बागेतून नमुन्याचा घड आणायचा असला की सीटवर गोणपाट टाकायचे, त्यावर घड उभा करायचे आणि वरून मला खटक्यात अडकवायचे. केळीला खरचटलं तर ती काळी पडते, गिऱ्हाईक नाक मुरडतं. माणसाला खरचटलं तर तो जरा बोंबलतो आणि बरा होतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचा पट्टा ते पाठीमागून नेऊन अडकवत आणि पट्ट्याची आठवण देणारी गाडीची पिपाणी बंद झाली की समाधानाने निघत.

घडाच्या दांड्यातून चीक गळतो. कपड्यावर पडला तर डाग जन्मभर जात नाही. तोच माझ्या अंगावर गळत राहिला. आधी मी चिकट झालो, मग काळा, मग पापडासारखा कडक. तरी मी मनाची समजूत घालायचो, की निदान कोणासाठी तरी मला लावतात.

मग हाशमभाऊंच्या मुलाचं, झैदचं लग्न झालं आणि जीनत घरात आली. धुळ्याची, बी.एस्सी. झालेली. पुढे सदफ जन्मली आणि जीनतची नजर घारीसारखी झाली. द्राक्षाच्या चार फोडी केल्याशिवाय ते सदफच्या तोंडात जात नसे. टेबलाच्या कोपऱ्यांना तिने स्पंज बांधला होता. गाडीत ती मागे सदफजवळ बसायची आणि झैदच्या खांद्यावरून समोरचा रस्ता स्वतःच बघायची. मला ती फार आवडायची, पण पुढे कधी बसायचीच नाही.

आणि अशा बाईच्या नवऱ्याला ट्रॅक डेचं वेड लागलं. ट्रॅक डे म्हणजे रोजची गाडी मोकळ्या, बंद मार्गावर नेऊन जोरात पळवायचा दिवस. शर्यत नसते, नंबर नसतो, ज्याची त्याची हौस. धुळ्याच्या पलीकडे माळावर एक खासगी धावपट्टी होती. एका मोटार क्लबने ती भाड्याने घेतली होती आणि झैदने नाव नोंदवलं.

सुरक्षेचं सामान घ्या, असं क्लबने कळवलं होतं. सुरक्षित म्हणजे लाल, असा झैदचा समज दिसला. त्याने चार पट्ट्यांचा, दोन्ही खांद्यांवरून आवळायचा एक लालभडक हार्नेस मागवला. बोटांवर गाठी असलेले हातमोजे आले. आग विझवायचं नळकांडं आलं, ते त्याने सीटखाली नुसतंच ठेवलं आणि ते वळणावळणाला घरंगळू लागलं. हेल्मेट मोटारसायकलचं जुनंच, जिन्यावरून दोनदा गडगडलेलं. हार्नेस त्याने स्वतःच्या सीटमागे दोन नटांनी आवळला, आरशात बघितलं आणि खूश झाला. शेजारच्या सीटला काहीच नाही. तिथे कोण बसणार होतं?

जीनत दारात उभी राहून सगळं बघत होती. भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, की ट्रॅकवर शेजारी कोणाला बसू देतात का. देतात की, झैद ऐटीत म्हणाला.

“मग मी बसते.”

झैद हसला. ती हसत नाही हे बघून थांबला.

“तू कशाला?”

“धोका काही नाही असं तुम्हीच म्हणता ना.”

मित्रांनो, त्या दिवसापासून झैद निराळाच माणूस झाला. स्वतःसाठी त्याने चित्र बघून सामान घेतलं होतं. जीनतसाठी तो बारीक अक्षरातल्या सूचना वाचू लागला. पडलेलं हेल्मेट तिला कसं द्यायचं? आतला थर एकदा दबला की वरून नवं दिसलं तरी कामाचं राहत नाही. दुकानात त्याने तिला हेल्मेट घालून मान हलवायला लावली. हेल्मेट हललं आणि गाल जागेवरच राहिले, की ते परत. दुकानदार कंटाळला, झैद नाही.

मग त्याने मला ओढलं. मी अर्ध्यातच अडकलो. सोडलं, तर परत आत जाईना. शरमेने मी मेलो. झैदने त्याचा गॅरेजवाला मित्र प्रेमराज याला बोलावलं. त्याने माझ्यावर नख घासलं.

“हाऊ पट्टा कडक व्हई जायेल शे भो. केळीना चीक.”

हाशमभाऊंनी लगेच माझी बाजू घेतली. इतका घट्ट पट्टा बाजारात मिळणार नाही, घड कधी इंचभर हलला नाही, असं ते सांगू लागले.

“अब्बा, घड नाही, जीनत बसणार आहे,” झैद म्हणाला.

मग तिच्यासाठीही लाल हार्नेस घ्यावा, असं त्याने ठरवलं आणि म्हणून त्याची माहिती त्याने पहिल्यांदा नीट वाचली. तसा हार्नेस लोखंडी सांगाडा आणि शर्यतीची खास सीट असलेल्या गाडीसाठी असतो. साधी गाडी उलटून छत दबलं, तर तीन टोकांचा नेहमीचा पट्टा अंगाला जरा कलू देतो. हा मात्र माणसाला छताखाली ताठ धरून ठेवतो.

“हे तुला चालणार नाही,” झैद जीनतला म्हणाला.

“आणि तुम्हाला?”

“मी सांभाळून चालवीन ना.”

“मग मीही सांभाळून बसेन.”

झैदने पाना मागितला. लाल हार्नेस उतरला. दोन्ही सीटला कंपनीचे नवे, साधे पट्टे लागले, माझेच भाऊबंद. नळकांडं जागेवर घट्ट बसवलं. मला काढून डिक्कीत टाकलं. वाईट वाटलं, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

ट्रॅकवर गाडी रिकामी करायला सांगितली. सुटी वस्तू उडून डोक्यात बसते. आमच्या गाडीतून काय काय निघालं म्हणून सांगू! शेवेचा डबा, तराजू, गोणपाटं, सदफचा एकच बूट, छत्री आणि मी. त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून हाशमभाऊ सदफला घेऊन बसले. जीनतने ओढणी काढून त्यांच्याकडे दिली, सुती कुर्त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, हेल्मेट घातलं आणि सदफकडे वळून न बघता गाडीत बसली. वळली असती तर उतरली असती.

पहिली फेरी बैलगाडीसारखी झाली. दुसरीत रंग चढला. तिसरीत वळण आलं, झैदने ब्रेक उशिरा दाबला, मागची चाकं घसरली आणि गाडी गिरक्या घेत मातीत शिरली. धुळीशिवाय काही दिसेना. हाशमभाऊ सदफला छातीशी धरून उभे राहिले. अशा वेळी ताठ व्हायचं, हा माझा धर्म. मी झालोही ताठ, पण माझ्यात कोणी नव्हतं.

धूळ बसली. गाडी उलट्या तोंडाने उभी होती, आणि आत दोघं आपापल्या जागी होते.

गाडी हळूहळू परत आली. झैदचा चेहरा पिठासारखा झाला होता. हाशमभाऊंनी सुनेला विचारलं, की भीती नाही वाटली का.

“भीती वाटत होती म्हणून तर बसले, अब्बा.”

तिने सदफचे हातपाय चाचपून बघितले, जणू मातीत ती पोरच शिरली होती. मग झैदकडे वळली.

“ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा असतो. चला, पुन्हा.”

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही. एवढंच सांगतो, की जीव राखायची वस्तू स्वतःसाठी निवडाल तेव्हा ती आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाला चालेल का, ते आधी विचारा. तिथे मन कचरलं, तर ती तुम्हालाही नको. माझ्या भावांना कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने पुसत जा. ते कडक झाले, तर बदला. आम्हाला वाईट वाटलं तरी बदला.

आता जीनत कात्री घेऊन आली आहे. मी चुकूनही पुन्हा कोणाच्या गाडीत लागू नये म्हणून ती माझे तुकडे करणार आहे. पण कात्रीचं टोक अणकुचीदार, त्यामुळे आधी सदफला लांब बसवणं चाललं आहे. ते एकदा मनासारखं झालं, की ती माझ्याकडे वळेल.