ओळ दोनशे चौदा

सुबोध हे लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा फाइल उघडली, दोनदा बंद केली. विषय हर्षदचा होता ना, हात जड व्हायचा.

सुबोधकडे ना डिग्री, ना क्लासचं सर्टिफिकेट. मुलुंडच्या घरी फुकटचे व्हिडिओ बघून कोडिंग शिकलेला पोरगा. अंधेरीच्या ऑफिसात त्याला चिकटवलं तिथे सीनियर असलेल्या हर्षदनं, आणि पहिल्याच दिवशी त्याचा माऊस काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"माऊस म्हातारे वापरतात रे. बोटं चालव."

मग एकेक शॉर्टकट. नावावर कर्सर ठेवून एफ-बारा दाबलं की ते जिथे लिहिलंय तिथे उडी. ऑल्ट आणि डावा बाण, की जिथून आलास तिथे परत. तीन महिन्यांत सुबोधची बोटं अशी पळायला लागली की हर्षदच म्हणायचा, "गुरूची वाट लावलीस."

एक शॉर्टकट मात्र सुबोधनं स्वतः शोधला होता. कंट्रोल-के, मग कंट्रोल-क्यू. शेवटचं टाइप जिथे केलं, तिथे थेट नेतो, फाइल कुठलीही असो. जेवून आला की तो आधी हेच दाबायचा. अर्धी राहिलेली ओळ समोर हजर.

त्या शुक्रवारी अडीचला त्यानं ते दाबलं. समोर भलतीच फाइल. आयुष्यात न उघडलेली. ओळ दोनशे चौदा, आणि कर्सर लुकलुकतोय एका आकड्यापुढे. साठ.

त्यानं फाइलचं नाव वाचलं, भोंग्याची होती. कंपनी मोठ्या स्वयंपाकघरांसाठी गॅसचा भोंगा बनवायची. भिंतीवर पेटी. हवेतला गॅस पेट घेण्याच्या पातळीच्या वीस टक्क्यांवर गेला की भोंगा. या ओळीत वीस हवं होतं! मंगळवारी सांताक्रूझच्या डब्यांच्या किचनमध्ये त्यानंच पेटी ठोकली होती, त्यानंच आकडा सांगितला होता.

त्यानं नोंदी उघडल्या. एक चाळीसला बदल. बदल करणाऱ्याचं नाव, सुबोध. दोन वाजता तो बदल नेटवरून सगळ्या पेट्यांत गेलेला. एक चाळीसला सुबोध खाली जेवत होता. त्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दुसऱ्या एकालाच माहीत. आणि तो "पोट बिघडलंय" म्हणून वरच थांबला होता.

शेजारच्या खुर्चीत हर्षद हेडफोन लावून मान डोलवत होता.

सुबोधनं आधी सांताक्रूझला फोन लावला. चपात्यांवर देखरेख करणाऱ्या शांताबाईंनी उचलला.

"शांतामावशी, सगळं ठीक ना?"

"ठीकच की. मघापासून जरा वास येतोय. पण तुमचं यंत्र गप्प आहे, म्हणून आम्ही निवांत."

"मावशी, सिलेंडर बंद करा. बटण कुठलंच लावू नका, काढूही नका. बायकांना घेऊन बाहेर. आत्ता!"

"अरे पण पाचचे डबे..."

"मरू देत डबे!"

तिकडे भांडं पडलं, कुणीतरी ओरडलं, फोन तुटला. त्यानं परत लावला. वाजतोय. वाजतोय. उचलत नाही कुणी.

एका हातात फोन तसाच धरून त्यानं दुसऱ्या हातानं साठचा वीस केला, पाठवला. मग हर्षदचे हेडफोन ओढून काढले.

"काय केलंस तू?"

हर्षदनं स्क्रीन बघितला. 

"भोंगा सारखा वाजतो म्हणून गिऱ्हाईकं कटकट करतायत यार. उद्या मोठा डेमो. फक्त दोन दिवस, मग मी..."

"माझ्या नावानं?"

"तू नवीन आहेस. नवीन माणसाची चूक माफ होते. माझी नसती झाली."

फोन थरथरला. शांताबाई. धापा टाकत होत्या. सगळ्या रस्त्यावर आहेत, म्हणाल्या, पण भांडी घासणारी चंपा धुण्याच्या खोलीत होती, तिला कुणी हाक मारली का ते आठवत नाही, आता बघायला चाललेय. "एकट्या जाऊ नका मावशी, फायर ब्रिगेड..." तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

सुबोधनं फायर ब्रिगेडला पत्ता सांगितला, चंपा नावाची बाई आत असेल हेही सांगितलं. बॅग उचलली. हर्षदनं त्याचं मनगट धरलं.

"सुब्या, कुणाला बोलू नकोस. नोकरी तर जाईलच रे, पण पोलीस... शपथ घे."

सुबोधनं हात सोडवून घेतला. हर्षद रडत होता, आणि सुबोधला त्याचा रागही येत होता, कीवही.

"शब्द देतो. तुझं नाव मी आधी घेणार नाही. आत्ता माझ्याबरोबर सांताक्रूझला चल, तिथे तुझ्या तोंडानं सांग. मी शेजारी उभा राहीन. पण तू गप्प बसलास ना हर्षद, तर चंपाच्या घरच्यांसमोर मी बोलणार. हाही शब्दच."