बटाट्याचा पुढल्या महिन्याचा भाव

सरकारी अंदाज कार्यालयात दुपारी तीननंतर आकडे आपोआप हलके होतात. पंखा फिरतो, कागद उसासे टाकतात आणि माणूस व दशांशचिन्ह यांच्यातला फरक पुसट होत जातो. अशाच एका दुपारी बटाट्याच्या आकडेवाल्याला खुर्चीतच शीतगृह दिसलं. पांढऱ्या धुक्यात पोती ओळीनं निजली होती. त्यांत त्याच्या ताईची दोनशे. एका बटाट्यानं कूस बदलली आणि झोपेतच म्हणाला, "चोवीस."

जाग आल्यावर त्यानं रीतसर हिशेब मांडला. साठा, आवक, पेरा. उत्तर चोवीसच आलं.

बाजारात भाव होता किलोला वीस. पोती कधी बाहेर काढायची हे ताई सरकारी अंदाज वाचून ठरवायची, आणि छापून येण्याआधी घरच्यांना काही सांगायला बंदी. तेव्हा छापलेलं तरी खरं असावं, एवढाच त्याचा हट्ट.

"एकदम चोवीस?" साहेब दचकले. "अहो, लोक झोपेतून पडतील! अर्धी वाढ या महिन्यात, अर्धी पुढच्या. बावीस लिहा. पद्धत आहे आपली."

"पद्धतीपायी आपला अंदाज दरवेळी चुकतो, साहेब."

"चुकतो. पण दचकवत नाही."

तीन दिवस तो फाईल घेऊन उभा राहिला. चौथ्या दिवशी साहेबांनी जांभई देता देता सही केली.

चोवीस छापून आलं. भाव झोपेत चालणाऱ्या माणसासारखा एकेक पायरी चढला, चोवीसवर आठ दिवस थांबला आणि तसाच डोळे मिटून अठरापर्यंत उतरला. कार्यालयाला अचूकतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्यापाठोपाठ ताई आली.

"विकलीस ना पोती?" त्यानं हौसेनं विचारलं.

"एकही नाही. अठ्ठाविसाची वाट बघत बसले."

"अगं, चोवीस छापलं होतं!"

"म्हणूनच! वीस वर्षं तुम्ही चढउतार अर्धाच सांगता, म्हणून आम्ही तो दुप्पट करून वाचतो. मीच काय, अख्खा बाजार तसाच वाचतो. अचानक खरं बोलायचा झटका आला, तर कुणाला कळवायची रीत आहे की नाही, शहाण्या?"

त्यानं पंख्याचा वेग वाढवला. पोती अजून शीतगृहातच होती, आणि पुढल्या महिन्याचा हिशेब बारा सांगत होता.

त्यानं बराच वेळ त्या बाराकडे पाहिलं. मग नीट अक्षरात पंधरा लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली.

अंदाज छापून आला त्या सकाळी ताईनं पंधरा वाचलं, बारा समजली आणि दोनशेच्या दोनशे पोती अठराच्या भावानं विकून टाकली. महिनाअखेर भाव बारावर आला. अचूकता का घसरली, म्हणून वरून पत्रही आलं.

तो खुलासा लिहीत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"आता कसा ताळ्यावर आलास!" ताई म्हणाली.